एका बुरशीची पाच नावं



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी हसत विचारलं, "जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता बुरशीवर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. बुरशीतलं आम्हाला फार कळतं असा आमचा दावा नाही. पण समोरची वस्तू 'तीच' आहे की 'तिच्यासारखी दुसरी' आहे, हे ठरवायचं कसं, हा प्रश्न आमच्याच विषयातला आहे. गेल्या वीस वर्षांत तो युरोपच्या जंगलांत फार निकडीने विचारला गेला. काही वर्षं त्याचं उत्तर चुकलं, आणि त्या चुकीची किंमत मोजावी लागली. ती हकीकत आज सांगायची आहे.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. युरोपात ॲश नावाचा वृक्ष आहे. शास्त्रीय नाव फ्रॅक्सिनस एक्सेल्सियर. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसेल, पण त्याचे नातेवाईक आपल्या अंगणात आहेत. आपला पारिजातक, आपला मोगरा आणि हा ॲश एकाच कुलातले. त्याचं लाकूड चिवट, धक्का सोसणारं. कुऱ्हाडीचे दांडे त्याचे, आयर्लंडमधल्या हर्लिंग या खेळाच्या काठ्या त्याच्या, आणि क्रिकेटचे स्टंपही परंपरेने त्याच लाकडाचे. स्कँडिनेव्हियाच्या पुराणकथांत सगळ्या विश्वाला आधार देणारा जो महावृक्ष आहे, तोही ॲशच मानला जातो. म्हणजे आपल्याकडे वडा-पिंपळाला जो मान, तसाच काहीसा मान त्याला तिकडे आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये हे वृक्ष वाळू लागले. आधी शेंड्याची पानं काळवंडायची, मग कोवळ्या फांद्या सुकायच्या, खोडावर जिथे फांदी फुटते तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा तपकिरी डाग पडायचा. कोवळी रोपं दोन-चार वर्षांत जायची, मोठे वृक्ष खंगत खंगत जायचे. मग लिथुआनिया, स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी असं करत रोग पसरत गेला. थंडी, दुष्काळ, माती अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आपल्याकडेही कारण सापडलं नाही की हवामानाकडे बोट दाखवायची पद्धत आहेच.

पोलंडचे वनरोगतज्ज्ञ तादेउश कोवाल्स्की यांनी आजारी फांद्यांमधून एक बुरशी वेगळी काढली. ती प्रयोगशाळेत अतिशय हळू वाढायची, त्यामुळे तिच्याभोवतीच्या वेगाने वाढणाऱ्या बुरशा तिला झाकून टाकायच्या. कोवाल्स्कींनी चिकाटीने तिला वेगळं ठेवलं, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बारीक बीजाणू पाहिले, आणि २००६ मध्ये नवी प्रजाती म्हणून तिचं बारसं केलं : कलारा फ्रॅक्सिनिया. कलारा हे जणू आडनाव, तशा रचनेच्या बुरशांचं. फ्रॅक्सिनिया म्हणजे ॲशवरची. हे पहिलं नाव.

इथे थोडं थांबून बुरशांच्या घरातली एक चाल समजून घ्यायला हवी. पुष्कळ बुरशा दोन वेगवेगळ्या रूपांत जगतात. एका रूपात नर-मादीच्या संयोगाशिवाय नुसते बीजाणू तयार होतात. दुसऱ्या रूपात संयोग होतो आणि तेव्हा छत्री, पेला, कुपी अशी फळं धरतात. ही दोन रूपं इतकी वेगळी दिसतात की पाहणाऱ्याला ती दोन निराळे जीव वाटावेत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या त्युलान बंधूंनी, एकाने अभ्यास करून आणि दुसऱ्याने अप्रतिम चित्रं काढून, दाखवून दिलं की अशी वेगळी दिसणारी रूपं पुष्कळदा एकाच जिवाची असतात. पण दोन रूपं एकाच वेळी, एकाच ठिकाणी सापडतीलच असं नाही. मग नाव द्यायचं कशाला? १९१० च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेपासून नियमांनीच सोय केली : अशा बुरशीच्या दोन्ही रूपांना वेगवेगळं नाव द्यायला हरकत नाही. आपल्याकडे मुलीचं माहेरचं नाव एक आणि लग्नानंतर सासरी ठेवलेलं नाव दुसरं असायचं ना, तसंच. माहेरच्या माणसांना एक नाव माहीत, सासरच्यांना दुसरं, आणि दोन्ही घरांत जाणारा कुणी नसेल तर दोघी वेगळ्याच समजल्या जाणार.

कलारा फ्रॅक्सिनिया हे माहेरचं नाव होतं. तिचं दुसरं रूप कुठे आहे, याचा शोध सुरू झाला. कोवाल्स्की आणि झुरिकचे ओटमार होल्डनरीडर यांना ते जमिनीवर सापडलं. ॲशची पानं गळून पडतात, त्यांचे देठ कुजताना काळे पडतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या देठांवर जेमतेम काही मिलिमीटरचे पांढुरके पेले उगवतात. त्या पेल्यांतले बीजाणू वाढवून पाहिले तर कलारा निघाली. आता हे पेले कुणाचे? युरोपच्या जुन्या ग्रंथांत तशाच पेल्यांचं वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होतं. हायमेनोस्किफस अल्बिडस. अल्बिडस म्हणजे पांढुरका. गळलेली पानं कुजवणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी गरीब बुरशी. पेल्याचा आकार जुळला, रंग जुळला, बीजाणू जुळले, जागाही जुळली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालं की ॲश मारणारी बुरशी म्हणजे हीच हायमेनोस्किफस अल्बिडस. हे दुसरं नाव.

हे निदान करणाऱ्यांना दोष देऊ नका. त्या वेळी हातात जेवढी लक्षणं होती तेवढी सगळी जुळत होती. फक्त एक कोडं उरत होतं. दीडशे वर्षं पाचोळा खाऊन गुण्यागोविंदाने राहणारी ही बुरशी एकाएकी मारेकरी कशी झाली? हवामान बदललं का, तिच्यात काही उत्परिवर्तन झालं का, असे तर्क मांडले गेले.

पण त्याच वर्षी या नावाचा एक परिणाम झाला. ब्रिटनच्या रोपवाटिका-व्यावसायिकांच्या संघटनेने वनखात्याला पत्र लिहिलं की युरोपातून ॲशची रोपं आयात करण्यावर बंदी घाला, हा रोग फार वाईट आहे. उत्तर असं आलं की ताज्या संशोधनानुसार रोगाचं कारण असलेली बुरशी आपल्याच देशातली आहे, ती इथे सगळीकडे आढळते, त्यामुळे बाहेरचा रोग रोखण्याचे कायदे तिला लागू करता येत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने उत्तर चोख होतं. घरातल्याच माणसाला घुसखोर कसं ठरवणार? चूक कारकुनाची नव्हती, नावाची होती. आणि रोपांच्या गाड्या येत राहिल्या.

आता डीएनएकडे वळू. १९९० मध्ये टॉम व्हाइट, टॉम ब्रन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशांच्या डीएनएतला एक ठरावीक तुकडा उचलून त्याच्या लाखो प्रती काढायची सोपी रीत प्रसिद्ध केली. आयटीएस असं त्या तुकड्याचं नाव. त्याच्या दोन्ही बाजूंचा मजकूर बहुतेक बुरशांत सारखा असतो, म्हणून पकडायला सोपा, आणि मधला मजकूर प्रजातीगणिक बदलतो, म्हणून ओळखायला उपयोगी. पुस्तकांची मुखपृष्ठं सारखी असली तरी आतला मजकूर वाचला की कळतं, तसं.

स्वित्झर्लंडमध्ये व्हॅलेंटिन केलोझ आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत कोवाल्स्की आणि होल्डनरीडरही होते, या 'अल्बिडस'चे अनेक नमुने घेऊन त्यांचा डीएनए तपासला. ही गोष्ट लक्षात घ्या : ज्यांनी दोन वर्षांपूर्वी नाव सांगितलं होतं, तेच आपलं नाव पुन्हा तपासायला बसले. त्यांनी आयटीएसवर भिस्त ठेवली नाही, आणखी दोन जनुकांचे तुकडे आणि काही वेगळ्या खुणाही पाहिल्या. एका साक्षीदाराचं ऐकून निकाल देऊ नये, हा न्यायालयाचा नियम इथेही लागू आहे. एकाच प्रजातीत जीव आपापसात संकर करत असतात, त्यामुळे वेगवेगळे तुकडे वेगवेगळी विभागणी दाखवतात, सरमिसळ दिसते. इथे साक्षी एकाच बाजूने पडल्या. नमुन्यांचे दोन स्वच्छ गट झाले. एक गट म्हणजे जुनी, निरुपद्रवी अल्बिडस. दुसरा गट ॲश मारणारा, आणि तो वेगळीच प्रजाती. २०११ मध्ये तिला नाव मिळालं हायमेनोस्किफस सुडोअल्बिडस, म्हणजे खोटी पांढुरकी. हे तिसरं नाव.

आता आमच्या विषयातलं एक जुनं हत्यार काढतो. आपल्या न्यायशास्त्रात 'लक्षण' म्हणजे त्या वस्तूत असणारा आणि इतर कशातही नसणारा धर्म. लक्षणाचे तीन दोष सांगितलेले आहेत. गाईचं लक्षण 'शिंगं असणं' असं केलं तर ते म्हशीलाही लागू पडतं, ही अतिव्याप्ती. 'कपिल रंग असणं' म्हटलं तर पांढऱ्या गाई वगळल्या जातात, ही अव्याप्ती. 'एक खूर असणं' म्हटलं तर एकाही गाईला ते लागू होत नाही, तो असंभव. निर्दोष लक्षण कोणतं, तर सास्ना, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी कातडी.

ह्या दृष्टीने बघा. अल्बिडसचं लक्षण काय केलेलं होतं? ॲशच्या काळ्या देठावर येणारा पांढुरका छोटा पेला. ते अतिव्याप्त होतं. दोन प्रजाती त्या एका लक्षणाच्या छपराखाली येत होत्या. आणि कलारा फ्रॅक्सिनियाचं लक्षण अव्याप्त होतं, कारण ते त्या बुरशीच्या एकाच अवस्थेला लागू होतं. दोन वस्तूंना एक नाव आणि एका वस्तूला दोन नावं, हे दोन्ही घोटाळे ह्या एकाच रोगाच्या वाट्याला आले.

मग ही खोटी पांढुरकी आली कुठून? याचं उत्तर एका संग्रहालयात होतं. जपानमध्ये मांचुरियन ॲश नावाचा वृक्ष आहे. त्याच्या गळलेल्या देठांवर तसेच पेले येतात. होसोया आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्यांची नोंद लॅम्बर्टेला अल्बिडा अशा नावाने केली होती. हे चौथं नाव. २०१२ मध्ये झाओ, होसोया आणि इतरांनी ते जपानी नमुने पुन्हा तपासले. डीएनए वाचला तेव्हा ती लॅम्बर्टेला म्हणजे सुडोअल्बिडसच निघाली. तिकडे तिचं घर. त्या झाडाशी तिचा संसार पुरातन काळापासून चाललेला, त्यामुळे पानावर थोडीफार राहते, पान गळलं की ते कुजवते, झाडाचं फारसं वाकडं होत नाही. युरोपच्या ॲशची तिच्याशी कधी गाठच पडलेली नव्हती. २०१८ मध्ये तिच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष असा की युरोपातली सगळी साथ अवघ्या दोन पूर्वजांपासून सुरू झाली. दोनच! पोलंडपासून आयर्लंडपर्यंतचे वृक्ष दोन पाहुण्यांच्या वंशजांनी वाळवले.

जपानमधले ते नमुने कुणी जपून ठेवले नसते तर हा धागा इतक्या लवकर जुळला नसता. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाने कवकांचा संग्रह आहे. कागदी पाकिटांतली ती वाळकी पानं आणि काटक्या पाहून अनेकांना वाटतं, ह्याचं आता काय काम? काम असतं. फक्त ते ठेवणाऱ्याच्या हयातीतच निघेल असं नाही.

आता इथवर ऐकून कुणी म्हणेल, झालं, डीएनए जिंकला, सूक्ष्मदर्शक गुंडाळून ठेवा. पण पुढची गोष्ट ऐका. दोन प्रजाती आहेत हे डीएनएने सांगितल्यावर काही जण पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसले. त्यांत जर्मनीचे हान्स-ओटो बराल होते. पेल्याच्या आतल्या थरात लांबट पिशव्या असतात, एकेका पिशवीत आठ बीजाणू. बरालांनी पिशवीच्या तळाशी पाहिलं. खोट्या पांढुरकीत पिशवीच्या बुडाशी एक छोटा आकडा असतो, छत्रीच्या मुठीसारखा वळलेला. खऱ्या अल्बिडसमध्ये तो नसतो, तळ साधा असतो. हा फरक कुणी कालपरवा तिथे आणून ठेवला नव्हता. दीडशे वर्षं तो तिथेच होता. पण दोन असतील अशी शंकाच नव्हती, म्हणून कुणी बुडाशी पाहिलं नाही.

मंडळी, आमच्या मते ह्या सगळ्या हकीकतीचा गाभा इथे आहे. डीएनएने शंका निर्माण केली आणि डोळ्यांनी लक्षण शोधलं. तो आकडा म्हणजे ह्या बुरशीची सास्ना. नुसत्या डीएनएवर थांबलो असतो तर 'हे दोन वेगळे आहेत' एवढंच कळलं असतं, आणि दर वेळी प्रयोगशाळेत धाव घ्यावी लागली असती. नुसत्या डोळ्यांवर थांबलो असतो तर आजही आपण मारेकऱ्याला गरीब म्हणत बसलो असतो.

नावाचं गाडं मात्र अजून अडलेलं होतं. २०११ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत शंभर वर्षांची दुहेरी नावांची सोय मोडीत निघाली. एक बुरशी, एक नाव. डीएनएमुळे माहेर आणि सासर जोडणं आता सहज शक्य झालं होतं, मग दोन नावांचं कारणच उरलं नाही. नव्या नियमाने दोन्ही अवस्थांची नावं एका रांगेत उभी राहिली आणि जुन्या नावाला पहिला मान मिळाला. 'फ्रॅक्सिनिया' २००६ चं, 'सुडोअल्बिडस' २०११ चं. म्हणून २०१४ मध्ये बराल, केलोझ आणि होसोया यांनी अधिकृत नाव लावलं : हायमेनोस्किफस फ्रॅक्सिनियस. पाचवं आणि आजचं नाव. आडनाव सासरचं, नाव माहेरचं, कोवाल्स्कींनी ठेवलेलं. खोटी पांढुरकी हे विशेषण गळून पडलं.

ब्रिटनचं पुढे काय झालं? फेब्रुवारी २०१२ मध्ये बकिंगहॅमशायरच्या एका रोपवाटिकेत नेदरलँड्सहून आलेल्या रोपांवर रोग सापडला. ऑक्टोबरमध्ये तो पूर्व इंग्लंडच्या नैसर्गिक रानांत सापडला. २९ ऑक्टोबर २०१२ ला आयातबंदी आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ब्रिटनला ह्या रोगाचा एकंदर फटका सुमारे १५ अब्ज पौंडांचा बसेल असा अंदाज केला. त्यात लाकूड कमी आणि रस्त्याकडेचे धोकादायक झालेले वृक्ष पाडण्यापासून ते स्वच्छ हवेपर्यंतच्या गोष्टीच जास्त.

पण न्यायाने बोलायचं तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २००९ मध्ये बंदी आली असती तर ब्रिटन वाचलं असतं, असं आम्ही म्हणणार नाही. मेलेल्या झाडांचं कालमापन करून नंतर असं दिसलं की इंग्लंडमध्ये रोग २००४-०५ च्या सुमारासच येऊन पोचलेला होता. शिवाय हे बीजाणू वाऱ्यावर समुद्र ओलांडतात. मग नाव बरोबर असतं तर काय मिळालं असतं? आमच्या अंदाजाने, काही वर्षं. देशभर लागवडीसाठी रोगट रोपं पोचवणं थांबलं असतं, आणि टिकाव धरणारे वृक्ष हेरून त्यांचं बी राखण्याचं काम लवकर सुरू झालं असतं. वृक्षाच्या आयुष्यात चार-पाच वर्षं म्हणजे काही नाही. साथीच्या आयुष्यात ती फार असतात.

हा धडा पहिल्यांदाच मिळाला असंही नाही. विसाव्या शतकात युरोपातल्या एल्म वृक्षांवर दोन साथी आल्या. पहिली १९२० च्या आसपास, तिचं कारण १९२२ मध्ये नेदरलँड्सच्या बिया श्वार्ट्झ या तरुण संशोधिकेने शोधलं. दुसरी, फार भयंकर, १९७० च्या दशकात. ती पहिल्याच बुरशीचा 'आक्रमक वाण' समजली गेली. क्लाइव्ह ब्रेझियर यांनी १९९१ मध्ये तिला स्वतंत्र प्रजाती ठरवलं. पुढे १९९५ मध्ये ब्रेझियर आणि भारतीय संशोधक मेहरोत्रा यांनी त्याच घराण्यातली आणखी एक प्रजाती वर्णन केली, आपल्या हिमालयातली. ऑफिओस्टोमा हिमाल-उल्मी असं तिचं नाव. हिमालयातल्या एल्मवर ती साथ माजवत नाही. जपानच्या ॲशसारखीच गोष्ट. घरी नांदणारी बुरशी परक्या झाडावर काय करेल, हे तिच्या घरच्या वागणुकीवरून सांगता येत नाही. म्हणून ती नेमकी कोण आहे हे आधी माहीत असावं लागतं.

जाता जाता त्या खऱ्या अल्बिडसबद्दल सांगतो, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिच्यावर दोन वर्षं खुनाचा आळ होता. तो पुसला गेला. पण २०१२ च्या एका डॅनिश अभ्यासात दिसलं की जिथे परकी बुरशी पसरली तिथे तेच गळलेले देठ तिनेच व्यापले, आणि ही जुनी रहिवासी नाहीशी होत चालली. आळ पुसला जाईपर्यंत तिचं घर गेलं होतं. डीएनए नसता तर ती कमी होते आहे हेही आपल्याला कळलं नसतं, कारण पांढुरके पेले तर दिसत होतेच, पूर्वीपेक्षा जास्त.

म्हणून आमच्या त्या सहकाऱ्यांना आमचं उत्तर एवढंच. जे नाव आपण देतो त्यावर पुढे पत्रं लिहिली जातात, गाड्या सुटतात किंवा अडतात, झाडं लावली जातात किंवा तोडली जातात. तेव्हा नाव देताना पुरावा एकापेक्षा जास्त दिशांनी यावा, आणि दिलेलं नाव पुन्हा तपासायची तयारी असावी. कोवाल्स्कींनी ती दाखवली. तिघांत पहिलं बारसं त्यांनी केलं, मधली चूकही त्यांच्याच नावावर आहे, आणि ती दुरुस्त करणाऱ्यांतही ते आहेत. आम्हाला हा माणूस त्यामुळेच आवडतो.

वेळ झाली आहे, थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.